वहिनीबरोबर अलमाटीला

गुलसायरा कुणालाही भेटली की आधी त्याच्या खांद्यांकडे बघते, मग तोंडाकडे. शिवणारणीची खोड, दुसरं काय! किर्गिझस्तानात, तोकमोकच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे कपडे तिच्या मशीनखालून गेलेले. कुणाचा डावा खांदा बोटभर उतरता आहे ते त्या पोराच्या आईला माहीत नसेल, गुलसायराला पक्कं माहीत. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. वीस वर्षांची असताना सून म्हणून आली, आज छत्तीस पुरी झाली. या सोळा वर्षांत तिचा आवाज कुंपणाबाहेर आलेला मी तरी ऐकला नाही.

तिला तीन मुलं. दोन मुलगे तिला मम्मी म्हणतात. थोरली मीरिम, पंधरा वर्षांची, ती तिला वहिनी म्हणते.

आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. पहिलं मूल आजी-आजोबांचं, अशी रीतच आहे. मीरिम चाळीस दिवसांची झाली, तिला पाळण्यात घालायचं म्हणून बायका जमल्या, आणि सासूने, झुराकानने, पोरीला उचलून कुशीत घेतलं. "ही माझी," म्हणाली. सासरा तेव्हा होता, त्याने मान डोलावली. मेदेरबेक म्हणजे गुलसायराचा नवरा, त्याची छाती तर वीतभर पुढे आली. गुलसायराला कुणी विचारलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, तिलाही तो तेव्हा मानच वाटला. रडू आलं ते वर्षभराने, पोरीला वाचा फुटल्यावर. आजी झाली आई, बाप झाला दादा, आणि जिने जन्म दिला ती झाली वहिनी. दूध सुनेचं, मांडी सासूची. मीरिमला हे सगळं ठाऊक आहे. गावात गुपित टिकतं कुठे? पण ठाऊक असणं वेगळं आणि जीभ वळणं वेगळं.

आता लगेच सासूला नावं ठेवू नका. झुराकानने त्या पोरीला फुलासारखं वाढवलं, तिच्या गोवरात नऊ दिवस पाठ टेकली नाही. सुनेलाही तिने कधी तोडून बोललेलं नाही. पण पोर कुणाची याबद्दल त्या घरात शंका नव्हती. मीरिमला काही द्यायचं तर ते आधी सासूच्या हातात द्यायचं, मग सासू पोरीला देणार. पोरीचे लाड गुलसायराने करायचे नाहीत. एकच सवलत होती, ती मापाची. दर ऑगस्टात शाळेचे कपडे शिवायचे म्हणून गुलसायरा फीत घेऊन मीरिमला समोर उभी करायची. खांदा, छाती, कंबर, पाठ. मग परत खांदा.

"वहिनी, हे आत्ताच घेतलंस की."

"फीत सरकली. नीट उभी राहा."

वर्षातून एकदा, पाच मिनिटं. एरवी ज्या बाईला नजरेने माप कळतं, तिची फीत या एका पोरीच्या मापाला चारचारदा सरकायची.

या जूनमध्ये मीरिम नववी पास झाली. सप्टेंबरपासून बिश्केकला नर्सिंगचं कॉलेज, राहायला वसतिगृह. आणि मग सुरू झालं तिचं टुमणं. कपडे हवेत, आणि तेही सीमेपलीकडचे, कझाकस्तानातल्या अलमाटीचेच. तिथल्या मुली घालतात तसे. ढगळ पँट, आखूड जाकीट, फोनमध्ये असतात तसे.

"दोर्दोयचा बाजार घरापासून तासावर," झुराकान म्हणाली. "लोक कुठकुठून ट्रक भरभरून नेतात तिथून. आणि आमच्या राणीसाहेबांना दुसऱ्या देशात जायचंय, विजार आणायला."

"आई, दोर्दोयचं लगेच ओळखू येतं गं."

"ओळखू येऊ दे की. चोरीचं आहे का?"

पण नातीपुढे कुणाचं चाललंय? चौथ्या दिवशी म्हातारीने हात टेकले. तिचे गुडघे गेलेले, मेदेरबेक गवत कापायला वर कुरणात. उरली कोण? "गुलसायरा, तूच घेऊन जा हिला," म्हणाली. रुमालात बांधलेले पैसे सुनेच्या हातात दिले आणि वर ताकीद दिली. "काळं आणायचं नाही. कंबर उघडी दिसता कामा नये. आणि फाटकं विकत आणलंत तर दोघींना गोठ्यात झोपवीन."

गुलसायराने मान खाली घालून हो म्हटलं. मग आत जाऊन बटणांच्या डब्याच्या तळाशी ठेवलेले आपले शिलाईचे पैसेही काढून घेतले. त्या दिवशी तिने एका बाहीला उलटी टीप मारली आणि उसवत बसली. असं तिचं कधी होत नाही.

तिच्या मनात काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पोरीने आई म्हणावं अशी तिची मागणी नव्हती. एवढं मोठं मागायची तिला सवयच नाही. तिला एवढंच हवं होतं की अलमाटीत, जिथे आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही, तिथे एखाद्या दुकानात कुणीतरी मीरिमला म्हणावं, 'आईला विचार.' आणि मीरिमने ते खोडू नये. गप्प राहावं, बस्स. तेवढ्यावर ती पुढची पंधरा वर्षं काढायला तयार होती.

पहाटे निघाल्या, आठला सीमेवर. कोरदायला गाडीतून उतरून रांगेत उभं राहायचं, पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडे दुसरी गाडी धरायची. आपल्या बाजूला कुणी काही विचारलं नाही. पलीकडच्या खिडकीत गोल चेहऱ्याचा एक कझाक शिपाई बसला होता. त्याने मीरिमचा जन्मदाखला उलटसुलट करून पाहिला.

"ही कोण तुझी?"

"वहिनी."

"इथे तर आई लिहिलंय."

मागून एका बाईने पिशवीने ढोसलं. शिपायाने दोघींची तोंडं न्याहाळली. हनुवटी एक, भुवया एक.

"थोरली का गं तू?"

"हो."

"आणि आजीकडे वाढलीस."

"आईकडे," मीरिम म्हणाली, आणि जीभ चावून, "म्हणजे, आजीकडे."

शिपाई हसला. "मीपण आजीचाच. माझ्या आईला मी अजून नावाने हाक मारतो, आणि ती अजून तोंड फिरवते." त्याने शिक्का मारला, पण कागद हातातच ठेवला. "हे बघ, संध्याकाळी दुसऱ्या कुणाची पाळी असेल. एखादा शहरी भेटला तर त्याला यातलं ओ की ठो कळायचं नाही. पोरगी पळवून नेताय म्हणून दोन तास बसवून ठेवील. कोण म्हणून विचारलं तर आई म्हणायचं. म्हण बघू."

"म्हणेन तेव्हा," मीरिम म्हणाली. तिचे कान लालभडक झाले होते. पलीकडच्या गाडीपर्यंत ती चार पावलं पुढेच चालत होती.

अलमाटीला पोचेपर्यंत अकरा वाजले. मीरिमकडे फोनमध्ये दुकानांची यादी तयार होती. तिचे पाय असे चालत होते की जणू जन्मली याच रस्त्यांवर. एकेक पोरगी समोरून यायची, भावाचा सदरा घालून घाईत निघाल्यासारखी, आणि मीरिम मान वळवून बघत राहायची. गुलसायराही बघत होती, पण तिचं बघणं वेगळं. ही खांद्याची शिलाई दंडावर का आणलीय? ही दुमड घालायला कोण विसरलं? सुटे दोरे लोंबताहेत आणि पोरगी ऐटीत चाललीय!

पहिलं दुकान मोठ्या मॉलमधलं. दिवे इतके की सावली पडायला जागा नाही. मीरिमने एक पांढरं जाकीट उचललं, ज्याच्या कडा कापून तशाच सोडल्या होत्या.

"हे अर्धवट आहे," गुलसायरा हळूच म्हणाली.

"तशीच फॅशन आहे, वहिनी."

"शिवणारीला मधेच मूल झालं असेल. बिचारीने सोडून दिलं."

मीरिम खुदकन हसली. गुलसायराच्या बोलण्यावर ती हसली याचंच गुलसायराला अप्रूप वाटलं. तेवढ्यात दुकानातली मुलगी जवळ आली, गोड, चटपटीत. "खूप छान दिसेल तुला," मीरिमला म्हणाली. "आईला विचार ना, आईला आवडलं का?"

आलं. जे ऐकायला ती पहाटेपासून निघाली होती ते आलं. गुलसायराच्या हातात एक हँगर होता, तो तिने घट्ट धरला.

"आई नाही, वहिनी आहे ती माझी," मीरिम म्हणाली.

रागाने नाही, मुद्दाम तर नाहीच. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं, आणि परत आरशाकडे वळली. 'सॉरी हं, वहिनी का,' असं म्हणून दुकानातली मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. गुलसायराने हँगर जागेवर अडकवला. वाईट वाटायलासुद्धा माणसाला थोडा हक्क लागतो. तिने जाकिटाची किंमत बघितली आणि म्हणाली, "घ्यायचंय का?" मीरिम म्हणाली, "नको, बघू पुढे."

दुपारी एका बाकावर बसल्या. मीरिमने साबुदाण्यासारखे काळे गोळे घातलेला गार चहा आणला, मोठ्या नळीने प्यायचा. गुलसायराने पिशवीतून उकडलेली अंडी, कणकेचे तळलेले बोर्सोक आणि कुरुताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे काढले.

"वहिनी, इथे नको ना. लोक बघताहेत."

"लोकांनाही दे."

"कुरुताचा वास येतो गं."

"तुझ्या चहातले गोळे काळे, माझे पांढरे. फरक काय?"

मीरिमने इकडेतिकडे पाहिलं, एक गोळा पटकन तोंडात टाकला, मग दुसरा, मग पिशवीच मांडीवर घेतली. शेवटचा बोर्सोक अर्धा तोडून तिने गुलसायरापुढे धरला. घरी ती असं करायची, पण म्हातारीला.

यादीतलं शेवटचं दुकान एका तळघरात. बाहेर पाटी नाही, आत गाण्यांचा दणदणाट. हिरव्या केसांची, नाकात चांदीची कडी घातलेली मुलगी गल्ल्यावर होती. मीरिम दारातच थबकली, म्हणजे हेच ते. सरळ जाऊन तिने एक काळं जाकीट काढलं. खांदे एवढे मोठे की आत मेदेरबेकही मावला असता, आणि लांबी कमरेपर्यंत जेमतेम. म्हातारीच्या दोन अटी एका कपड्यात मोडल्या होत्या.

गुलसायराने जाकीट हातात घेतलं, आणि इथे मात्र तिचा चेहरा बदलला. कापड चिमटीत चोळून बघितलं, बाही उलटी केली, आत हात घालून चाचपलं.

"अस्तराला पीळ बसलाय," ती हिरव्या केसांच्या मुलीला म्हणाली. "दोनदा धुतलं की बाही कोपरात फुगेल. दुसरं द्या."

मुलीने दुसरं आणलं. गुलसायराने तेही परत केलं. "यात गळ्याची टीप सुटलीय." तिसरं आलं. तिने ते दाराच्या उजेडात नेलं, सगळीकडून बघितलं, आणि मग म्हणाली, "हे बाईने शिवलंय. हे चांगलं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?" हिरव्या केसांची मुलगी हसायला लागली. "खरंच, हे माझ्या मावशीने शिवलंय. बाकीची बाहेरून आणतो आम्ही."

आणि मग मीरिम बोलायला लागली. गुलसायराने तिला इतकं बोलताना घरीसुद्धा पाहिलं नव्हतं. "हिला सगळं कळतं. आमच्या गावात सगळ्यांचं हीच शिवते. लग्नाचे झगेसुद्धा. फोटो दाखवला की झालं, तसाच्या तसा. माप पण घ्यावं लागत नाही हिला. थांब, दाखवते." तिने फोन काढून फोटो दाखवायला सुरुवात केली. शेजारच्या नवरीचा झगा, शिक्षिकेचा कोट, आणि मधेच एक फोटो मशीनवर वाकलेल्या गुलसायराचा, दारातून काढलेला, पाठमोरा. असा फोटो आहे हेच गुलसायराला माहीत नव्हतं. तिने तो नीट बघायला मान पुढे केली तोवर मीरिमने पुढचा सरकवला.

"भारीच आहेत या," हिरव्या केसांची म्हणाली.

"मग?" मीरिम म्हणाली. चारपाच पँट्स तिने हातावर टाकल्या आणि ट्रायल रूममध्ये शिरली. पडदा ओढला.

गुलसायरा बाहेर थांबली. पलीकडे शर्ट टांगले होते, त्यातल्या एकाची काजं हाताने केली आहेत का ते ती बघायला लागली. मन हलकं झालं होतं. घरी गेल्यावर तो फोटो मागायचा का, कसा मागायचा, असं काहीतरी डोक्यात चाललेलं.

"आई," पडद्याआडून आवाज आला. "आई, जरा ये ना."

गुलसायराने ऐकलं. दणदणाटातूनही तिने ते स्वच्छ ऐकलं, आवाज कुणाचा तेही ओळखलं. आणि ती काज बघत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, वेडी की काय ही? वेडी नव्हे. ऐका. मीरिम दीड वर्षाची असताना अंगणात पडायची, 'आई' म्हणून टाहो फोडायची, आणि गुलसायराचे पाय आपोआप धावायचे. एकदा पाहुणे बसले होते, तशीच धावली. सासू शांतपणे म्हणाली, "तिने मला हाक मारलीय." पाहुण्यांसमोर! त्या दिवसापासून तिने पायांना शिकवलं. हाक आली की परात धरून ठेवायची, कणकेत बोटं रुतवायची, पण उठायचं नाही. शिंगरू काबूत आणायला लागतात तितके महिने लागले. मग हळूहळू सोपं झालं, आणि मग तर कळेनासंच झालं. मुलगे मम्मी म्हणत, ती उठे. मीरिमने आई म्हटलं की ते म्हातारीचं काम. या क्षणीसुद्धा तिच्या मनात काय आलं असेल? गुडघे दुखत असताना म्हातारीला आता उठावं लागणार, हे!

"आई, चेन अडकलीय," आवाज आला. आणि थोडं थांबून, हळू, "आई?"

"ताई," हिरव्या केसांची मुलगी म्हणाली, "तुमची मुलगी केव्हाची हाका मारतेय."

म्हातारी इथे नाही. म्हातारी घरी आहे, दोनशे किलोमीटरवर.

शर्ट हँगरसकट खाली पडला. गुलसायरा चार ढांगांत पडद्यापाशी पोचली, पण तेवढ्यात पडदा बाजूला झाला. मीरिम बाहेर आली होती, राखाडी ढगळ पँटीत, चेन वरपर्यंत ओढलेली.

"निघाली," ती म्हणाली. गुलसायराकडे न बघता.

"मी... मला वाटलं..."

"गाणी खूप मोठ्याने लावलीत इथे."

"आत चल, मी बघते. कंबर सैल आहे का? चेन परत अडकेल, दाखव मला."

"नको, झालं ना," मीरिम म्हणाली.

गुलसायराने काळं जाकीट घेतलं, राखाडी पँट घेतली, मीरिमने नुसता हात लावला होता तो शर्टही घेतला. सगळं आपल्या शिलाईच्या पैशांतून. म्हातारीचा रुमाल तिने सोडलाच नाही. त्या क्षणी कुणी म्हणालं असतं की मशीन वीक आणि ती हाक परत घे, तर तिने भाव केला नसता. मीरिम 'बास, पुरे' म्हणत होती, पण वहिनी म्हणाली नाही. दुकानातून निघाल्यापासून तिने गुलसायराला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. 'हे धर,' 'इकडून जाऊ,' 'पाणी आहे का,' इतकंच.

परतीच्या गाडीत दोघी मागच्या सीटवर दाटीत बसल्या. तिसरा एक म्हातारा, कलिंगड मांडीवर घेऊन. मीरिम काचेतून बाहेर बघत होती. माळ मागे पळत होता आणि गुलसायराच्या मनात एकच. विचारू की नको, विचारू की नको. अर्धा रस्ता असाच गेला.

"मघाशी," ती शेवटी म्हणाली, "आतून हाक मारलीस?"

मीरिमने मान वळवली नाही. "सराव करत होते. तो सीमेवरचा म्हणाला होता ना."

"हां. बरोबर."

दोनचार किलोमीटर गेले. मग गुलसायरा जे बोलली ते बोलायला तिला किती बळ लागलं असेल ते तिचं तिलाच माहीत. "मग कर की अजून. कोरदाय अजून लांब आहे."

"आता येतंय मला," मीरिम म्हणाली. तिने डोळे मिटले. खरंच झोपली की उगाच, कोण जाणे, पण थोड्या वेळाने तिचं डोकं घसरून गुलसायराच्या खांद्यावर आलं. गुलसायराने तो खांदा कोरदाय येईपर्यंत हलवला नाही, हात बधिर झाला तरी. सराव म्हणे! सरावाला कुणी तीनदा हाक मारतं का? आणि तिसऱ्यांदा इतक्या हळू? की मारतातही? ती हेच उलटसुलट करत राहिली. दोन्हीकडून टीप सारखीच दिसत होती.

सीमेवर संध्याकाळची गर्दी. रांग पुढे सरकत गेली तशी गुलसायराने दाखला पिशवीतून काढून हातात धरला. आता विचारतील. आता हिला म्हणावंच लागेल, आणि या वेळी आपण लगेच तिच्याकडे बघायचं. हाकेसारखी हाक नसेल, शिक्क्यासाठी का होईना. खिडकीत एक तरुण बाई होती, दमलेली. तिने दाखला उघडला, मीरिमकडे बघितलं, गुलसायराकडे बघितलं, आणि शिक्का मारून कागद बाहेर सरकवला.

गुलसायरा तिथेच उभी.

"काय झालं?" खिडकीतली बाई म्हणाली.

"काही विचारायचं नाही का?"

"काय विचारू?"

"ही माझी कोण, वगैरे."

बाईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू उन्हाने हिचं डोकं फिरलंय. "तोंडावरून कळतंय की. पुढे चला, मागे लोक आहेत." मागचा कलिंगडवाला म्हाताराही कुरकुरला. मीरिम पुलावर पोचली होती, दोन्ही हातांत पिशव्या. ती थांबली होती, पण मागे बघत नव्हती.

गावात पोचल्या तेव्हा उजेड होता, जूनचा लांबलेला. गाडीतच मीरिमने नवं जाकीट अंगावर चढवलं होतं. झुराकान अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर गुडघ्यांवर शाल टाकून बसली होती, पुढे चहाची किटली. धाकटे दोघे मम्मी मम्मी करत पिशव्यांवर तुटून पडले. गुलसायरा फाटक लावून वळली, तेवढ्यात मीरिम अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, काळ्या जाकिटाचे हात पसरून.

"आई," ती ओरडली. "आई, बघ ना!"

आणि गुलसायराचा पाय उचलला गेला. एक पाऊल पुढे पडलंसुद्धा, तोंडातून 'काय गं' निघायच्या बेतात. चौथऱ्यावरून झुराकान गुडघे धरत उठत होती. "अगंबाई, काळंच आणलं मेलीने! इकडे ये, दाखव, दाखव मला," आणि मीरिम धावत तिच्याकडे गेली. म्हातारीचे दोन्ही हात नातीच्या खांद्यांवर होते, पण नजर सुनेच्या पायाकडे गेली होती. पंधरा वर्षांत तिच्या नजरेतून काही सुटलेलं नाही, हेही सुटलं नाही.

कणकेत बोटं रुतवून, परात घट्ट धरून जे शिकली होती ते सगळं एका दिवसात धुऊन निघालं होतं. सप्टेंबरपर्यंत त्या घरात रोज दहावेळा ती हाक येणार होती, आणि यापुढे प्रत्येक हाक तिला ऐकू येणार होती. गुलसायराने तो पाय मागे घेतला.

"चहा ओत, गुलसायरा," झुराकान थोड्या वेळाने म्हणाली. तिचा आवाज रोजच्यापेक्षा मऊ होता. "दमली असशील. आधी स्वतःला ओत."

गुलसायराने आधी सासूला ओतला, मग मीरिमला.